नावानंतरची जागा

१

उत्तमराव पेटी वाजवतात हे पारनेर तालुक्यात कुणाला सांगावं लागत नसे. त्यांचा डावा खांदा दुखतो हेही कुणाला विचारावं लागत नसे, कारण ते स्वतःच भेटेल त्याला सांगत. एप्रिलात जयंतीच्या गाण्यांची धांदल. पण जयंती वर्षातून एकदा, आणि माणसं मरतात बारा महिने. त्यामुळे त्यांच्या गायन पार्टीचं खरं काम होतं जलदानविधीचं. समाजात कुणी गेलं की घरापुढे मांडव पडायचा, फोटोपुढे मेणबत्ती लागायची, बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील घ्यायचे. मग चार माणसं उठून गेलेल्याबद्दल चांगलं बोलायची. ज्यांनी जन्मभर त्याचं वाईट चिंतलं तीसुद्धा. आणि शेवटी उत्तमराव गायचे.

गाणं त्यांचं स्वतःचं. प्रत्येक घरात तेच, फक्त नाव बदलायचं.

वाट उभी उंबऱ्याशी, आता सोडा हात,
अमके निघाले...

नाव घेतलं, ‘निघाले’ म्हटलं, की पेटी थांबायची. उत्तमराव दोन्ही हात उचलायचे. ढोलकीवर पुंजाराम असे. तो बोटं चामड्यावर टेकवून गप्प बसायचा. आणि त्या रिकाम्या जागेत घर फुटायचं. मयतीच्या दिवशी ज्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं तो थोरला पोरगासुद्धा धाय मोकलून रडायचा. रडून झालं की माणसं डोळे पुसत, नाक शिंकरत उठायची, कुणीतरी चहाचं आधण ठेवायचं, आणि घर पुन्हा कामाला लागायचं. ‘उत्तमरावांनी नाव घेतलं म्हणजे घर मोकळं होतं,’ असं लोक बोलत.

आता ह्यात करामत किती, विचाराल तर काहीच नाही. पेटीचा भाता फुटका होता. ठिगळावर ठिगळ लावलेलं. लांब सूर धरला की वारा संपायचा, आणि तो नेमका ‘निघाले’वर संपायचा. मग थांबायचं, भाता भरून घ्यायचा आणि पुढचं कडवं उचलायचं, एवढंच. पेटीच्या खोडीवर गाणं बेतलेलं होतं. लोक त्याला कला म्हणत होते, आणि उत्तमराव काही वेडे नव्हते, तर तेही नको म्हणत नव्हते.

२

त्या वर्षी उत्तमराव फार थकले. खांदा धरला होता, तो सुटेना. घरात चांगुणाबाई, त्यांची बायको, आजारी. मूत्रपिंडं कामातून चालली होती. पाय सुजायचे, तोंड सुजायचं. दर आठवड्याला तिला एसटीत घालून नगरला सावेडीतल्या दवाखान्यात न्यायचं, डायलिसिस करून आणायचं. बाई तरी कसली, दवाखान्यातून आली की पदर खोचून चुलीपुढे उभी. उत्तमराव ओरडायचे, ती ऐकायची नाही.

मुलगा महेंद्र नगरच्या एमआयडीसीत कामाला होता. बापाचा खांदा पाहून त्यानं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड आणला. म्हणाला, नाना, आता भाता मारायची गरज नाही, नुसती बोटं ठेवायची. षड्जाच्या पट्टीत आगकाडीचा तुकडा खोचला की सूर आपोआप चालू राहतो, तुम्ही निवांत गा.

चांगुणाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, “त्याला दम लागत न्हाई व्हय?”

नाही, म्हणाला महेंद्र.

“मंग थांबायचं कसं कळतं त्याला?”

बापलेक हसले. तीही हसली.

कीबोर्ड पहिल्यांदा घेऊन गेले ते सुप्याजवळच्या एका वस्तीवर. सहादेव नावाचा म्हातारा गेला होता. खाणीवर दगड फोडून त्यानं दोन पोरं मार्गी लावली. चांगला माणूस. ऊन मी म्हणत होतं, मांडवाला कापड तोकडं, अर्धी माणसं घरातच दाटीनं बसलेली. उत्तमरावांनी पट्टीत काडी खोचली. सूर लागला. किती दिवसांनी खांद्याला आराम मिळाला म्हणून त्यांना इतकं बरं वाटलं, की कोण मेलंय ते क्षणभर विसरायला झालं.

सहादेव निघाले, त्यांनी म्हटलं, आणि सवयीनं हात उचलले. पुंजारामची बोटं थांबली. सूर थांबला नाही. थांबणार कसा, काडी खोचलेली होती. ती नावानंतरची जागा रिकामी राहिलीच नाही; एकसारखा सपाट सूर तीत भरून राहिला.

आणि कुणी रडलं नाही.

सहादेवाच्या दोन सुना दाराशी बसल्या होत्या. त्यांनी पटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गुडघे आवळून घेतले. सासरा बाहेरून आत येताना सुना वाट देतात, अगदी तसे. दोघींनी एकदमच. उत्तमरावांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात ऊन होतं, चपलांचा ढीग होता, आणखी काही नव्हतं.

३

परतीच्या जीपमध्ये पुंजाराम म्हणाला, लोक रडले नाहीत. उत्तमराव म्हणाले, उन्हानं जीव कातावलेत, रडणार कुठनं. सुनांचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं : वर्षानुवर्षांची सवय आहे, नाव ऐकलं की हात आपसूक पदराला जाणारच. पटण्यासारखं होतं. त्यांनी ते स्वतःला पटवलं.

उत्तमराव भुताखेतांचं ऐकून घेणारे नव्हते, हे इथं सांगायला हवं. बापाच्या मांडीवर बसून त्यांनी धम्म घेतला होता. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आत्मा नाही, श्राद्ध नाही, पिंड नाही. गेलेला माणूस गेला, आठवण ठेवा आणि चांगलं वागा, असं त्यांनी गावोगाव गाण्यातून सांगितलं होतं. कुणाच्या अंगात आलं म्हणून कळलं, की ते पार्टी घेऊन मुद्दाम त्या गावात जाऊन गात. असा माणूस दारातल्या उन्हाला घाबरेल कसा?

पण पुढच्या घरीही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. नाव घेतलं, की रडणं नाही, हुंदका नाही. सगळी मांडवातली माणसं एकाच बाजूला पाहायची. एका घरी ओट्याच्या कडेला, एका घरी रांजणापाशी. काय पाहिलं असं विचारलं तर त्यांनाच सांगता यायचं नाही. कार्यक्रम उरकला की कुणी रेंगाळत नव्हतं. घरची माणसं पाहुण्यांना पुढच्या बसपर्यंत थांबवून घ्यायला बघायची, आणि पाहुणे काढता पाय घ्यायचे.

उत्तमरावांनी मग गाताना मान वर करणं सोडून दिलं. खांदा मात्र सुधारत होता.

४

भागूबाई, म्हणजे सहादेवाची बायको, एके दिवशी सकाळच्या एसटीनं उत्तमरावांच्या दारात आली. अंगानं निम्मी झालेली. पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं. म्हणाली, परत या आणि ते गाणं परत म्हणा, पण पेटीवर.

कशाला, विचारलं, तर तिनं थोडं थोडं सांगितलं. त्याच्या बाजेवर कुणाला बसवत नाही. पाहुणा बसला तरी लगेच उठतो, आणि का उठलो हे त्याला समजत नाही. जेवणवेळ झाली की थोरली सून आपोआप एक ताट जास्त घेते. दुपारचा त्याचा खोकला ऐकू येतो. त्रास काही नाही, म्हणाली. जिता हुता तेवाबी त्याचा तरास नव्हता.

उत्तमराव ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, भागूबाई, आपण बौद्ध माणसं, आपण असलं काही मानत नाही.

“मीबी मानत न्हाई,” भागूबाई म्हणाली. “म्हणून तर कुनाला सांगता येत न्हाई, उत्तमराव. दुसरं कुनी असतं तर देवऋषी बोलावला असता. आमी कुनाला बोलवायचं?”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“त्यो लई दमलाय,” ती म्हणाली. “दगड फोडून फोडून दमला हुता, आता बसून बसून दमलाय. त्याला उठू द्या.”

५

ते गेले. म्हातारीची समजूत, तिचं मन मोडू नये, असं पुंजारामला सांगून गेले. मांडव नव्हता, माणसं नव्हती. पोरं कामावर, सुना मळ्यात. दुपारचं रिकामं घर, पत्र्यावर ऊन तडतडतंय, आणि भिंतीला लागून सहादेवाची सुतळीची बाज.

बाजेला मध्ये झोळ पडला होता. जुन्या बाजेला पडतोच. उत्तमरावांनी स्वतःला हे सांगितलं, आणि तिच्याकडे पाठ करून पेटी मांडली.

पुष्कळ दिवसांनी भाता हाती धरला. खांद्यातून कळ निघाली ती थेट कानाच्या पाळीपर्यंत. गाणं पेटीवर आल्याबरोबर बदललं. कीबोर्डवर ते सडकेसारखं सरळ जायचं. इथं ते श्वास घेत होतं, मध्येच हलकं होत होतं. चूक कुठं झाली हे उत्तमरावांना त्या वेळी बोटांतून कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांना त्याची भीती वाटली. सहादेव निघाले, ते म्हणाले. वारा संपला. त्यांनी हात उचलले.

घर गप्प झालं. मग मागे सुतळी करकरली. माणूस गुडघ्यावर हात देऊन, दमानं, दोन खेपेत उठतो तशी करकरली. आणि ताण सुटला तशी सैल झाली.

भागूबाई रडायला लागली. एवढ्या दिवसांचं सगळं रडली. पुंजाराम ढोलकीवर वाकून बसला होता, त्यानं मान वर केली नाही. निघताना उत्तमरावांनी बाजेकडे एकदा पाहिलं. झोळ होता की नव्हता, हे त्यांना नंतर कधी नक्की आठवलं नाही.

घरी येऊन त्यांनी चांगुणाबाईला सगळं सांगितलं. तिच्याशिवाय सांगणार कुणाला? तिला हसू येईल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं त्यांचा दुखरा खांदा चेपला, तिच्या सुजल्या हातात होता नव्हता तेवढा जोर लावून.

“माझ्या टायमाला पेटीच घ्या,” ती म्हणाली. “मी लई दमलेय. मला तिष्ठत ठिवू नका.”

काहीतरीच बोलू नको, म्हणाले उत्तमराव. तिनं हात काढला नाही. शेवटी त्यांना हो म्हणावं लागलं. पेटीच घेईन, म्हणाले. बाकीच्या घरांतही पेटी घेऊन फिरून यायचं त्यांनी ठरवलं होतं. पण तिचं दुखणं वाढलं, आणि ते राहूनच गेलं.

६

पावसाळा सरता सरता चांगुणाबाई गेली. दवाखान्यातच गेली. आणताना तिच्या मनगटावरची सलाईनची चिकटपट्टी कुणी काढली नव्हती, आणि उत्तमरावांनी ती काढू दिली नाही.

जलदानविधीला तालुका लोटला होता. इतक्या घरी गायलेला माणूस, सगळी घरं आली. भागूबाईही आली आणि मागे भिंतीशी बसली. मुलगी अश्विनी रडून रडून घसा बसवून घेऊन बसली होती. पुंजारामनं पेटी पुसली आणि उत्तमरावांपुढे आणून ठेवली.

उत्तमरावांनी पेटीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे पाहिलं. पेटी घ्यायची, चांगुणा निघाली म्हणायचं, हात उचलायचे, की झालं. सोपं होतं. शेकडो घरांतून त्यांनी शेकडो माणसं अशी वाटेला लावली होती. आणि मांडव उठल्यावर? त्या चुलीपुढे कुणी नसणार. खांदा दुखतो हे सांगायचं कुणाला? जन्मभर लोकांना सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं, आणि त्यातलं एकही वाक्य त्या क्षणी कामाला येईना.

“खांदा चालत नाही,” ते म्हणाले. “महेंद्र, कीबोर्ड लाव.”

पुंजारामनं त्यांचं मनगट धरलं. “वहिनींना काय शबूद दिलाय तुमी?” तो हलक्या आवाजात म्हणाला. त्याला ती गोष्ट उत्तमरावांनीच सांगितली होती.

उत्तमरावांनी हात सोडवून घेतला. काडी त्यांनी स्वतः खोचली.

त्या दिवशी ते फार चांगलं गायले, असं लोक अजून सांगतात. चांगुणा निघाली, ते म्हणाले, आणि सूर वाहत राहिला, आणि मांडवात कुणी हुंदका दिला नाही. अश्विनीचं रडणं तोंडातच थांबलं. सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. भागूबाई तेवढी उठून, चपला हातात घेऊन, मांडवातून बाहेर गेली.

आणि ह्या खेपेला उत्तमरावांनी मान वर केली.

दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूनं, चार बोटं होती. मनगट दिसत होतं. मनगटावर पांढरी चिकटपट्टी, एका टोकाला सुटायला आलेली.

त्यांनी गाणं पुरं केलं.

७

महेंद्र दुसऱ्याच दिवशी नगरला गेला. रजा नाही म्हणाला. अश्विनी राहायच्या बेतानं आली होती, पण पोरांना घेऊन तीही निघाली. जाताना स्वयंपाकघरातली स्वतःची पिशवी तिनं उत्तमरावांना आणायला सांगितली. पुंजाराम येईनासा झाला.

उत्तमराव सुखात होते. लाजायचं कशाला, होतेच. घर रिकामं नव्हतं. भाकरी ते स्वतःच थापत, वाकड्यातिकड्या, आणि जेवायला बसले की पाठीमागे चुलीच्या बाजूला कुणीतरी असे. वळून पाहायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. ते तिला पावसाचं सांगत, खांद्याचं सांगत. उत्तर येत नसे. तसं आधीही फारसं कुठं यायचं?

मग एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं, की ती बसत नाही.

सहादेव बसलेला तरी होता. चांगुणाबाई नवरा जेवून हात धुवेपर्यंत जन्मात कधी बसली नव्हती. सून म्हणून आली त्या दिवसापासून उभी. दुखत्या पायांवर, सुजल्या पायांवर, ह्या पायावरून त्या पायावर भार टाकत. आता तोच आवाज मागे होता. शहाबादी फरशीवर एक तळवा टेकायचा, थोड्या वेळानं दुसरा. उत्तमराव जेवून उठले, हात धुतले. आवाज थांबला नाही. ओसरीवर गेले, दुपारभर पडून राहिले. आत एक पाऊल, मग दुसरं.

“बस की गं,” ते म्हणाले.

एक पाऊल. मग दुसरं.

ते रोज म्हणू लागले. पाट मांडून ठेवला, तिची वाकळ घडी करून ठेवली, हात जोडले. जेवण घाईनं उरकून पाहिलं, जेवलेच नाहीत असंही करून पाहिलं. ते पाय थांबेनात. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नुसता थकवा होता, इतका, की ऐकून त्यांच्याच पिंढऱ्या भरून यायच्या. त्यांची झोप गेली, अन्न जाईना. आपण काय करून बसलो हे त्यांना चांगलं समजलं होतं. उपाय फळीवर होता, आणि फळीकडे हात जात नव्हता.

शेवटी एका दुपारी त्यांनी पेटी खाली घेतली.

स्वयंपाकघराकडे पाठ करून ते बसले. मागचे पाय थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थांबले. ती ऐकत होती, हे त्यांना नक्की कळलं. त्यांनी भाता उघडला, सूर दिला, आणि गळ्यात जेवढी माया उरली होती तेवढी घालून गायले. वाट उभी उंबऱ्याशी, आता सोडा हात. मागून लुगडं सळसळलं. चौकट सोडून ती एक पाऊल पुढे आली असावी.

चांगुणा निघाली, ते म्हणाले.

वारा संपत आला. सूर बारीक झाला. आता फक्त हात उचलायचा होता.

उत्तमरावांनी भाता दाबला. पुन्हा दाबला. फुटक्या भात्यातून वारा फसाफस निसटत होता, त्याहून जोरानं ते तो भरत राहिले. खांद्यात आग झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण सूर त्यांनी तुटू दिला नाही. मागे, अगदी कानाशी, कुणीतरी दमून श्वास सोडला. त्या श्वासाला औषधाचा वास होता.

“अजून थोडं,” उत्तमराव रडत म्हणाले. “अजून थोडंच थांब, चांगुणा.”

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या पाठीमागे तिनं ह्या पायावरचा भार त्या पायावर घेतला.